छपराखालचा पारा

आजी ही गोष्ट दर पौषात सांगायची. भाकरी उरकल्या, चुलीतले निखारे अंगणातल्या शेकोटीत ओतले, की तिला ती आठवायचीच.

"तुजा बाप पाळण्यात व्हता. रातीच्याला अशी थंडी पडली, काय इचारू नगंस. सकाळी उठून बघती तं दारातल्या परातीतल्या पाण्यावर साय! म्हणलं, दूध कुणी वतलं? बोट लावलं तं काच. हिरीवरली केळ काळी ठिक्कर. कालवडीवर वाकळ टाकली व्हती म्हून ती तेवढी वाचली."

आम्ही पोरं हसायचो. मारुंजीत बर्फ! आम्हाला बर्फ ठाऊक तो हिंजवडीला म्हातोबाच्या यात्रेत, गोळेवाल्याच्या गोणपाटात गुंडाळलेला. तोही चैत्रातला. बगाड बघता बघता घसा सुकला की एक गोळा, तोही दोघांत. आजी चिडायची नाही. "हसा," म्हणायची, "आता कुठनं दावू तुमास्नी." परात घरातच होती, तिच्यावरची साय मात्र आजीनं एकटीनंच बघितलेली.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते या गोष्टीला आपली पुस्ती जोडायचे. आजीची एक रात्र होती. आबांनी तिचे सगळे हिवाळे करून टाकले. "आमच्या येळंला थंडी म्हंजी थंडी. रोज पानी गोठायचं." आणि चैत्र-वैशाखात हेच उलटं: "ऊन व्हतं, पन असलं नव्हतं." हे मी पन्नास वर्षं ऐकलं. म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणी पाऊस वेळेवर पडतो, आंबे गोड असतात आणि थंडी कडक असते, हे मी गृहीतच धरलं होतं. मी भूगोलाचा मास्तर. आकडा दाखवल्याशिवाय मला पटत नसे.

मारुंजी म्हणजे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला खेटून असलेलं गाव. आज पत्ता सांगताना लोक टॉवरचं नाव सांगतात, गावाचं मागाहून. माझ्या लहानपणी टेकडीच्या पायथ्याशी खाचरं होती आणि खाचरांच्या बांधावर झाडं. पावसाळ्यात आंबेमोहोर, पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची इंद्रायणी आली. भात निघाला की त्याच ओलीवर हरभरा, वाल, मसूर. हरभऱ्याला आमच्यात कुणी पाणी दिलं नाही. तो थंडीवर आणि दवावर यायचा. आजी रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरून ठेवायची. पहाटेपर्यंत ते दवानं आणि पाल्याच्या आंबट रसानं भिजायचं, मग ते वाटीत पिळायचं. ही आंब. बाटलीत भरून वर्षभर ठेवायची. पोटात दुखलं की चमचाभर आंब पाण्यात घालून पाजायची, की पोरगं दुखणं विसरून तोंडच वेडंवाकडं करत बसे. ही आंब लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

शाळेत लागल्यावर काही वर्षांनी, मार्चात जागतिक हवामान दिनाला, मी पोरांना घेऊन शिवाजीनगरला शिमला ऑफिसात गेलो. पुण्यात ही इमारत सगळ्यांना ठाऊक, पण शिमल्याचा आणि पुण्याचा काय संबंध ते फारसं कुणी विचारत नाही. गोष्ट अशी की १८६४ साली कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, त्यामागून १८६६ आणि १८७१ साली पावसानं दगा दिला, दुष्काळ पडले. तेव्हा इंग्रज सरकारला वाटलं की आभाळावर कुणीतरी नीट लक्ष ठेवलं पाहिजे. १८७५ साली हवामान खातं निघालं. हेन्री ब्लॅनफर्ड नावाचा साहेब पहिला प्रमुख. खात्याचं मुख्य ठाणं आधी कलकत्त्याला, १९०५ ला शिमल्याला, १९२८ ला पुण्याला आणि १९४४ ला दिल्लीला गेलं. मुख्यालय गेलं तरी मोठा कारभार पुण्यात राहिला आणि लोकांच्या तोंडी शिमला हे नावही राहिलं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "थंडीचं हापीस म्हून शिमला नाव आसंल."

तिथं कुंपणाच्या आत, हिरवळीवर, चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी होती. भिंतींना झडपा, म्हणजे वारा आत जातो, ऊन जात नाही. दार उत्तरेला. आतले तापमापक माणसाच्या छातीच्या उंचीवर. माझ्याबरोबरच्या एका पोरानं विचारलं, "सर, उन्हाचं तापमान घ्यायचं तर पेटी सावलीत का?" तिथले निरीक्षक हसले आणि म्हणाले, "आम्ही उन्हाचं घेत नाही बाळ, हवेचं घेतो." हे वाक्य मी पुढं पंचवीस वर्षं वर्गात वापरलं. उन्हात ठेवलेला पारा त्या काचेचा आणि लोखंडाचा ताप सांगतो. हवा किती तापली हे कळायचं तर सावली पाहिजे, वारा पाहिजे आणि रोज तीच जागा, तीच वेळ पाहिजे. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. दिवाळी असो नाहीतर प्लेग.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. या लाकडी पेट्या नंतर आल्या. सुरुवातीच्या काळात हिंदुस्थानात तापमापक गवतानं शाकारलेल्या छपराखाली टांगायचे. चारी बाजूंनी मोकळं, वर गवत. म्हणजे आमच्या गोठ्यासारखं. विलायतेची पेटी इथल्या उन्हाला पुरी पडेना, म्हणून साहेबानं कुणब्याचं छप्पर उचललं, असं मी पोरांना सांगायचो. थोडी माझी भर होती त्यात.

आणि मग एका तक्त्यावर पुण्याचे विक्रम लिहिलेले दिसले. सर्वात कमी तापमान: १.७ अंश सेल्सिअस, १७ जानेवारी १९३५.

मी पोरांना पुढं पाठवलं आणि तिथंच उभा राहिलो. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्या काळातल्या निम्म्या महाराष्ट्राची ती आहे, मास्तर आपल्या सोयीनं लिहायचे. पण साल १९३४. जानेवारी १९३५ म्हणजे पौष. म्हणजे बाप पाळण्यात. पेटीत छातीच्या उंचीवर १.७ असेल तर निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना, उघड्यावरच्या उथळ परातीतलं पाणी त्याहून गार होतं. ते आपली ऊब थेट आभाळाला देऊन बसतं. शहराबाहेर, खाचरांच्या सखल जागेत तर आणखीच. साय धरली असणार. आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्यापुढं कान धरायला पाहिजे होते, पण ती नव्हती.

त्याच तक्त्यानं आबांना मात्र खोटं पाडलं. पाणी रोज गोठत असतं तर १९३५ चा विक्रम विक्रम कशाला झाला असता? आणि उन्हाचा आकडा बघितला तर ४३.३ अंश, ३० एप्रिल १८९७. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता, रँडच्या पथकाच्या झडत्या चालल्या होत्या, लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत नेत होते. त्यातच हा उन्हाळा. पुढं २२ जूनला आमच्या शेजारच्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळ्या घातल्या. मारुंजीहून शिमला ऑफिसला जाताना तोच रस्ता लागतो, आता तिथं मेट्रोचे खांब आहेत. सांगायचं ते हे, की "असलं ऊन नव्हतं" हेही खरं नाही. होतं. टॉवर नव्हते, गाड्या नव्हत्या, तेव्हाही एक दिवस पारा तिथवर चढला होता.

घरी येऊन मी हे आबांना जरा विजयी मुद्रेनं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "यका दिसाचं काय सांगतोस? यका दिसात जत्रा व्हती, वरीस नाय व्हत."

आज मागं वळून बघताना वाटतं, हवामानशास्त्राचा अर्धा धडा त्यांनी तिथंच दिला होता. विक्रम म्हणजे जत्रा. वर्ष कसं गेलं ते कळायला रोजची हजेरी पाहिजे. ती हजेरी आपल्या देशात आहे, आणि ती फार कमी देशांत इतकी जुनी आहे. सगळ्या देशाचं मिळून एक वार्षिक तापमान काढता येईल अशी नोंद १९०१ पासूनची धरतात.

"देशाचा पारा म्हंजी कुठला? दिल्लीचा का?" आबांनी विचारलं होतं. प्रश्न बावळटपणाचा नाही. लेह गोठलेलं, चंद्रपूर भाजलेलं, त्यांची सरासरी काढून काय कळणार? मी त्यांना गायींचं उदाहरण दिलं. समजा गोठ्यात दहा गायी आहेत. एक दोन लिटर देते, एक बारा. दूध वाढलं की घटलं हे बघायचं तर लिटर मोजून उपयोग नाही, कारण मधेच एखादी विकली, एखादी आणली तर सगळा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा प्रत्येक गाय तिच्या स्वतःच्या नेहमीच्या दुधापेक्षा आज किती जास्त-कमी, तेवढंच लिहायचं, आणि त्या फरकांची सरासरी काढायची. तसंच. लेह लेहच्या नेहमीपेक्षा किती, चंद्रपूर चंद्रपूरच्या नेहमीपेक्षा किती. आबांना हे लगेच पटलं. आठवीच्या वर्गाला पटायला दोन तास लागायचे.

हा हिशेब पुण्यातच झाला, याचा मला उगीच अभिमान आहे. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ ची. तिथल्या हिंगणे, रूपाकुमार आणि रमणमूर्ती या तिघांनी १९८५ साली देशभरच्या ७३ ठिकाणच्या १९०१ ते १९८२ या काळातल्या नोंदी घेऊन दाखवलं की देशाचं तापमान शतकाला साधारण ०.४ अंशांनी चढतंय. पुढं १९९४ च्या कामात एक विचित्र गोष्ट निघाली: आपल्याकडे दिवस तापतायत, पण रात्री जिथल्या तिथं आहेत. जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चाललं होतं.

ही बातमी मला कळली तेव्हा मी परत आबांकडे गेलो. कारण त्यांचं म्हणणं सारखं रात्रीबद्दल असायचं. "रात बदलली" हे त्यांचं पालुपद. मी म्हणालो, "आबा, शास्त्रज्ञ सांगतात दिवस बदललाय, रात्र नाही." ते म्हणाले, "शास्त्रज्ञ रातीला आंगनात निजत्यात का?" मी हसलो. तेव्हा मीच हसणारा होतो.

त्या झोपण्यावरून आठवलं. आजी थंडीत बाजेवर झोपू द्यायची नाही. भुईवर वाकळ टाकून झोपा म्हणायची, बाजंवर गारठा जास्त. यात बाजेखालून वारा लागतो हे साधं कारण आहेच. पण पुण्यातच, १९३२ साली, एल. ए. रामदास आणि आत्मनाथन या दोघांनी मोजून दाखवलं होतं की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वात गार हवा जमिनीला चिकटून नसते, ती वीतभर-हातभर वर असते. जगातल्या लोकांना हे बरीच वर्षं खरं वाटेना. रामदास म्हणजे आपल्याकडे शेतीच्या हवामानाचं काम सुरू करणारा माणूस. बाज साधारण त्याच उंचीची असते, एवढंच मी म्हणतो. आजीनं शोध लावला असं म्हणत नाही.

१९८८ साली शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला एक तापमापक मी घरी आणला. यू आकाराची नळी, दोन्ही अंगांना टाचणीसारखे लोखंडी निर्देशक. दिवसभरातलं कमाल-किमान दाखवून ते तिथंच थांबतात, लोहचुंबकानं खाली ओढायचे. तो गोठ्यातल्या मेढीला टांगला आणि वही घातली. गोठा गवतानं शाकारलेला, बाजूला गोटी आंबा, पलीकडं चिंच, त्यापलीकडं खाचर. सकाळी धारा काढायच्या वेळी नोंद. मी परगावी असलो तर आबा आकडा लक्षात ठेवायचे आणि आल्यावर सांगायचे. त्यांनी एकदाही चुकवलं नाही. उलट मला शंका आहे की मी चुकवलं त्या दिवसांचेही आकडे त्यांनी मला सांगितले, मनानं.

याच वर्षांत हिंजवडीच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, आयटी पार्क उभं राहिलं. आम्ही मारुंजीकर बांधावरून बघत होतो. आधी गवंडीकामाला जायचो, मग खोल्या भाड्यानं द्यायला लागलो, मग दलाल येऊ लागले. २००६ साली आम्ही टेकडीकडची खाचरं विकली. कुणी फसवलं नाही, कुणी धमकावलं नाही. आबांनी अंगठा न उठवता सही केली, कारण त्यांना सहीचा अभिमान होता, आणि सहीखाली मीही सही केली. दोन पुतण्यांची लग्नं, माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग, डोक्यावरचं सोसायटीचं कर्ज. खाचरात मुरमाचे ट्रक रिकामे व्हायला लागले. बांध दिसेनासे झाले. राहिलेल्या तुकड्यावर आम्ही तीन मजली आरसीसी घर बांधलं, खालच्या खोल्या भाड्यानं. गोठा २००९ ला मोडला. गोटी आंबा पार्किंगच्या मधे येत होता.

तापमापक मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टांगला. आणि वहीत चमत्कार झाला. रात्रीचं किमान तापमान एकदम वर गेलं. एक-दोन दिवस नाही, पूर्ण हिवाळा. मी वही घेऊन आबांकडे गेलो, म्हणालो, "तुम्ही म्हणत होता ते खरं, रात्र तापली बघा." आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की रात्र नाही, तापमापक हलला आहे. गवताखालून सिमेंटखाली. हवामान खात्याच्या लोकांपुढं हाच प्रश्न असतो. केंद्र हललं, छपराची पेटी झाली, शेजारी इमारत आली, पाऱ्याच्या जागी विजेवरचं यंत्र आलं, की नोंदीत खोटी पायरी पडते. ती शोधून दुरुस्त केल्याशिवाय शंभर वर्षांची रेघ ओढता येत नाही. यंत्रंही चुकतात. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली, देशभर बोंब झाली, आणि तपासात निघालं की यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. खात्यानं ते स्वतःच सांगितलं. मी माझ्या वहीवर मधोमध लाल रेघ मारली. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकात धरायचं नाही.

पण लाल रेघ मारली म्हणून सिमेंट थोडंच गार झालं? आबा त्या सिमेंटमधेच झोपत होते.

२०१९ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला. १८९७ च्या विक्रमाला तीन दशांश कमी. आबा तेव्हा पंच्याऐंशीचे, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री लाइट गेली. दीड वाजता मी उठलो, भिंतीला हात लावला तर ती तापल्या पोराच्या कपाळासारखी. बाहेर समोरच्या टॉवरवर जनरेटर सुरू होता आणि शेकडो एसी आपल्या घरातली धग बाहेर ओतत होते. आबा बोलत होते, पण आमच्याशी नाही. "वासरू आत बांध," म्हणत होते. अंग कोरडं आणि भाजणारं. ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

घरी आणल्यावर ते वर जायला तयार होईनात. पार्किंगमधे बाज टाकून दिली. तिथं थोडा वारा होता. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो.

"देशाचा पारा किती चढला म्हनतोस?" त्यांनी विचारलं.

"शंभर-सव्वाशे वर्षांत पाऊण अंशाच्या आतबाहेर धरा."

"पाऊन." ते बराच वेळ गप्प. "पाऊन अंशानं मानूस उलथा व्हतो व्हय?"

"एकट्या पाऊण अंशानं नाही."

"मंग बाकीचा कुनाचा?"

मला लगेच बोलवेना. "बाकीचा आपला, आबा."

ते पार्किंगच्या मधल्या खांबाकडे बघत होते. "गोटी आंबा म्याच दावला तेस्नी," म्हणाले. "कुऱ्हाड कुठनं घालायची त्ये बी." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता: "पन इकलं नसतं तं तुजी पोरगी शिकली नसती."

मी मान हलवली. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच सहीनं झालेलं होतं.

बाकीचा आपला, हे मी तेव्हा बोलून गेलो, पण ते पुरतं बरोबर नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. थंडीतल्या एकाच पहाटे पाषाण आणि वडगावशेरी यांच्या किमान तापमानात चार-पाच अंशांचा फरक पडलेला वर्तमानपत्रात छापून येतो. देशाला शंभर वर्षांत जे झालं नाही ते पुण्यात वीस किलोमीटरमधे दिसतं. हे सिमेंटचं, डांबराचं, तोडलेल्या झाडांचं आणि बुजवलेल्या खाचरांचं काम. खाचरातलं पाणी आणि झाडाची पानं उन्हाचा मोठा भाग वाफेत खर्च करायची. स्लॅब तो साठवतो आणि रात्री परत करतो. म्हणून आमच्या गावातले शहाणे म्हणतात, जागतिक तापमानवाढ वगैरे काही नाही, सगळा टॉवरचा प्रताप. त्यांना मी विचारतो, समुद्रात कुठले टॉवर आहेत? १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी एक अंशानं तापला. पाषाणच्या संस्थेच्याच लोकांनी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी २०२० साली अहवाल केला. त्यात हे आहे, आणि १९०१ ते २०१८ या काळात देश ०.७ अंशानं तापला हेही आहे. कारण मुख्यतः कोळसा-तेल जाळून हवेत साठलेला वायू. आणि आपल्या धुराधुळीच्या पडद्यानं थोडं ऊन अडवलं म्हणून वाढ एवढीच, नाहीतर आणखी असती. म्हणजे आबांच्या खोलीत त्या रात्री दोन हिशेब एकावर एक चढले होते. खालचा जगाचा, वरचा आमचा.

आणि ०.७ हा आकडा दिसतो तसा बारका नाही. सरासरी सरकली की तिच्याबरोबर सगळं वर्ष सरकतं. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात तापलेला मार्च ठरला. उत्तरेत गहू दाणे भरत होता, ते भरण्याआधीच सुकले, आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. आमच्याकडच्या हरभऱ्याचं तेच, त्याची बातमी होत नाही एवढंच.

रात्रीबद्दल मात्र मला आबांपुढं हार पत्करावी लागली, आणि तीही उशिरा. १९९४ ला म्हणत होते की रात्री जागच्या जागी आहेत. पण २००५ साली कोठावळे आणि रूपाकुमार यांनी पुढची वर्षं धरून पाहिलं तर १९७१ नंतर वाढीचा वेग कितीतरी पटींनी वाढलेला, आणि आता दिवसाबरोबर रात्रीही चढणीला लागलेल्या. १९०१ पासूनच्या नोंदीत २०२४ हे देशातलं सर्वात उष्ण वर्ष ठरलं. १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशानं जास्त. त्याआधीचा मान २०१६ चा होता. पण मी तो आकडा वाचून पुढं गेलो नाही, खालची ओळ वाचत बसलो. दिवसाचं कमाल तापमान नेहमीपेक्षा फक्त ०.२० अंशानं जास्त होतं. रात्रीचं किमान ०.९० नं. ते वर्ष दिवसांनी नाही, रात्रींनी तापवलं.

ते वाचायला आबा नव्हते. ते २०२१ च्या माघात गेले, झोपेत, खालच्या खोलीत. त्यांना ही ओळ वाचून दाखवली असती तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. अंगणात निजायला कोण गेलं होतं, असं विचारलं असतं.

तापमापक आता घरामागच्या एक गुंठ्यात आहे. विकताना तेवढा तुकडा वाटेच्या भानगडीत राहून गेला होता. मी चार बांबू रोवून त्यावर मावळातून आणलेल्या गवताचं छप्पर केलं. शाकारणारा माणूस शोधायला दोन महिने गेले, आणि त्यानं गोठ्याएवढेच पैसे घेतले. शेजारच्या टॉवरमधले लोक विचारतात, काका, गाय आणणार का? त्याच तुकड्यात गेल्या थंडीत हरभरा पेरला. पुतण्याचा नातू सात वर्षांचा आहे, त्याला आजीची परातीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, त्यानं फोनवर बर्फाचे फोटो दाखवले.

पौषात एका निरभ्र रात्री त्याला घेऊन हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरलं. टॉवरचे दिवे रात्रभर त्यावर पडले होते. सकाळी छपराखालचा आकडा बघितला, वहीत लिहिला, मग दोघांनी फडक्याची दोन टोकं धरून वाटीवर पिळलं. आजीच्या वेळी वाटी भरायची. आमची वाटीचा तळ ओला होण्याइतकी आली. त्यानं बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले, खांदे वर केले, आणि आणखी मागितलं. मी फडकं परत पिळलं.